मी तोच, हे कोण सांगणार?



काही वर्षांपूर्वी एका रात्री माझा एक जुना विद्यार्थी इंग्लंडातून फोनवर बोलत होता. लेस्टर शहरी नोकरी करतो, बायको-मुले तिकडेच आहेत. भाड्याच्या घरात सहा वर्षे काढल्यावर त्याने एक लहानसे घर विकत घेण्याचे ठरवले. घर पसंत पडले, किंमत ठरली, बँकेने कर्जही मंजूर केले, आणि गाडे अडले ते भलत्याच जागी. खरेदीचे काम पाहणारा त्याचा सॉलिसिटर देशाच्या दुसऱ्या टोकाच्या गावात बसणारा. त्याने याला कधी पाहिलेले नाही आणि याने त्याला नाही. सगळे काम टपालाने आणि फोनवर. त्या सॉलिसिटरने पत्र धाडले की, तुम्ही म्हणता ते तुम्हीच आहात याचा पुरावा पाठवा. माझा विद्यार्थी हसत हसत पण जरा कावून मला म्हणाला, "सर, मी मीच आहे, हे आता कोणाला सांगायला लावू?"

प्रश्न गमतीचा वाटतो, पण आहे मोठा जुना. आज आपण त्याचाच थोडा इतिहास पाहू.

आधी सॉलिसिटर म्हणजे कोण, ते सांगतो. मुंबईकरांच्या हा शब्द कानावरचा आहे. कोर्टात उभे राहून वाद घालण्यापेक्षा दस्तऐवज करणे, मालकीची छाननी करणे, व्यवहाराचा पैसा सांभाळणे हे ज्याचे मुख्य काम, तो वकील म्हणजे सॉलिसिटर. इंग्लंडात घरखरेदीच्या वेळी घेणाऱ्याचा एक आणि विकणाऱ्याचा एक असे दोन सॉलिसिटर असतात. घेणाऱ्याचा पैसा त्याच्या वकिलाच्या खात्यातून दुसऱ्या वकिलाच्या खात्यात जातो. आपल्याकडे खरेदीखताला सब-रजिस्ट्रार कचेरीत जावे लागते, साहेबासमोर उभे राहावे लागते. तिकडे तशी हजेरी नाही. मालकीची नोंद करणारे सरकारी खाते आहे, पण ते कागदांवर काम करते. घेणारा आणि विकणारा यांनी एकमेकांचे तोंडही न पाहता घराचा धनी बदलू शकतो. म्हणून माणूस खरा की खोटा हे पाहण्याचा भार वकिलावर पडतो.

आता खेड्यातली गोष्ट घ्या. तुमच्या गावात कोणी जमीन विकली, तर विकणारा कोण हे विचारावे लागते काय? त्याचा बाप कोण, आजा कोण, बांध कुठून कुठवर, हे सारे गावाला पाठ असते. आपल्या जुन्या मराठी कागदांतून हेच दिसते. वतनाचा तंटा लागला की गोतसभा भरे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार एकत्र बसत आणि निवाड्याचा महजर होई. लिहिता येणारे सही करीत. न येणारे आपापल्या कामाची खूण काढीत. पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी असे, कुंभाराची चाकाची, न्हाव्याची आरशाची. त्या खुणेत नक्षीकाम काही नव्हते. नांगर काय, कोणालाही काढता येईल! त्या खुणेला किंमत होती ती भोवती बसलेल्या माणसांमुळे. हा अमक्याचा अमका, याने आमच्यादेखत निशाणी केली, असे सांगायला दहा तोंडे होती.

इंग्लंडातही पूर्वी अगदी असेच होते बरे का. मध्ययुगात जमीन द्यायची म्हणजे देणारा आणि घेणारा प्रत्यक्ष त्या जमिनीवर जात. शेजारीपाजारी जमत. देणारा मातीचे ढेकूळ किंवा झाडाची डहाळी उचलून घेणाऱ्याच्या हातावर ठेवी, की जमीन गेली. कागद झाला तर झाला, नाही तर नाही. पुढे खोट्या साक्षी फार होऊ लागल्या, तेव्हा १६७७ साली पार्लमेंटने कायदा करून जमिनीच्या व्यवहाराला लेखी आणि सहीचा कागद लागेल असे ठरवले. मग लेखी कागद करणारे आले, आणि १८०४ च्या कायद्याने मोबदला घेऊन असे दस्त करण्याचा हक्क जवळजवळ वकिलांच्याच हाती गेला.

परंतु हा वकील दूरचा नव्हता. तालुक्याच्या गावाला त्याची पेढी. बापाचे मृत्युपत्र त्यानेच केलेले, मुलाच्या लग्नाची लिखापढी त्यानेच केलेली. घराण्याच्या मालकीचे जुने दस्त त्याच्याच कपाटात पत्र्याच्या पेटीत पडलेले. ज्याच्या हाती दस्तांची पेटी तो मालक, असा सरळ हिशेब. दारातून आत येणाऱ्या माणसाला तो नावानिशी हाक मारी. त्याला ओळखीचा पुरावा कशाला हवा?

अडचण सुरू झाली ती माणसे दूर जाऊ लागल्यावर. एकोणिसाव्या शतकात आगगाड्या आल्या, आगबोटी आल्या, इंग्रज माणूस ऑस्ट्रेलियापासून हिंदुस्थानापर्यंत पांगला. वीस वर्षांनी परत येऊन तो म्हणाला, "मी तोच," तर कसे ओळखावे? याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे टिचबोर्न खटला.

रॉजर टिचबोर्न हा एका श्रीमंत घराण्याचा वारस. १८५४ साली दक्षिण अमेरिकेजवळच्या समुद्रात त्याचे जहाज बुडाले. आईचा जीव मानेना. मुलगा कुठेतरी जिवंत आहे, या आशेने तिने वर्तमानपत्रांतून जाहिराती दिल्या. १८६६ साली ऑस्ट्रेलियातल्या वॅगा वॅगा या गावचा एक खाटीक पुढे आला आणि म्हणाला, तो मीच. १८६७ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये आईने त्याला पाहिले आणि हाच माझा मुलगा असे सांगितले. टिचबोर्न घराण्याचे काम पूर्वी पाहिलेल्या एका वकिलानेही त्याला ओळख दिली. आता आईपेक्षा मोठा साक्षीदार कोण? पण रॉजरचे बालपण फ्रान्समध्ये गेलेले, आणि या माणसाला फ्रेंच भाषेचा शब्द येईना! खऱ्या रॉजरच्या हातावर गोंदण होते, याच्या हातावर नव्हते. दोन खटले चालले. दुसरा फौजदारी खटला १८८ दिवस चालला आणि १८७४ साली त्याला चौदा वर्षांची शिक्षा झाली. तो लंडनच्या वॉपिंग भागातला आर्थर ऑर्टन होय, असा निर्णय झाला.

आपल्या श्रोत्यांना इथे सदाशिवरावभाऊंच्या तोतयाची आठवण झाल्याखेरीज राहणार नाही. पानिपतावर १७६१ साली भाऊसाहेब पडले. पुढे सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण आपणच भाऊसाहेब म्हणून उभा राहिला. कोकणात त्याच्यामागे फौज जमली, किल्ले गेले, आणि १७७६ साली तो पकडला जाऊन देहान्त शिक्षेला गेला. लंडन काय आणि रत्नागिरी काय, माणसाचे मन सारखेच. ज्याची वाट पाहावी तो आल्यासारखा दिसतो. तेव्हा शेजाऱ्याची, नातलगाची ओळख हा पुरावा मोठा खरा, पण मायेने आणि लोभाने तोही फसतो, ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे.

मग माणसांनी काय केले? साक्षीदाराच्या तोंडाऐवजी देहावरची खूण शोधली. ही खूण व्यवहारात आणण्याचे काम हिंदुस्थानात झाले. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अंमलदाराने रस्त्याच्या कामासाठी माल पुरवण्याचा करार केला, आणि राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा त्या कागदावर घेतला. उद्या हा म्हणेल, सही माझी नव्हेच! ही धास्ती त्यामागे होती. १८७७ साली हुगळीला असताना हर्शेलने दस्तांच्या नोंदणीत बोटांचे ठसे घेण्यास सुरुवात केली. पुढे कलकत्त्यास एडवर्ड हेन्री, अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांची वर्गवारी बसवली. १८९७ साली तिथे ठशांचे स्वतंत्र कार्यालय निघाले आणि १९०१ साली ही पद्धत लंडनच्या स्कॉटलंड यार्डात गेली. आपण ज्याला नुसता 'आंगठा' म्हणून हिणवतो, त्याचा इतिहास असा आहे. सही उतरवता येते, आंगठा उतरवणे तितके सोपे नाही.

पण गंमत पाहा. स्कॉटलंड यार्डात ठसे आले ते गुन्हेगारांसाठी. सभ्य माणसाने घर घेताना आंगठा द्यावा, हे इंग्रजाच्या गळी उतरले नाही. त्याला ओळखपत्राचेसुद्धा वावडे. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ब्रिटिश पासपोर्टावर फोटो आला. दुसऱ्या महायुद्धात, १९३९ साली, सगळ्यांना ओळखपत्रे दिली गेली. युद्ध संपले तरी ती चालूच राहिली. १९५० च्या डिसेंबरात क्लॅरेन्स विलकॉक नावाच्या मोटार चालवणाऱ्या गृहस्थाने पोलिसाला ओळखपत्र दाखवण्याचे साफ नाकारले. कोर्टात तो दोषी ठरला खरा, पण युद्धासाठी केलेला कायदा शांततेत असा वापरू नये, असे ताशेरे न्यायाधीशांनी मारले. १९५२ च्या फेब्रुवारीत ओळखपत्रे रद्द झाली. २००६ साली पुन्हा तसा कायदा झाला आणि नव्या सरकारने २०१० साली तो मोडीत काढला. म्हणजे ओळख पटवायची आहे, पण ओळखीचा एकच सर्वमान्य कागद नाही, अशा कात्रीत तिथला सॉलिसिटर सापडला.

त्यातच तीन गोष्टी घडल्या. पहिली, १९९० च्या अखेरीस जमीनमालकीचे नोंदणी पुस्तक सर्वांना खुले झाले. थोडी फी भरली की अमुक घर कोणाच्या नावावर आहे ते कोणालाही समजू लागले. दुसरी, २००३ पासून नवा कायदा लागू झाला, सरकारी नोंद हीच मालकी ठरली आणि जुन्या दस्तांच्या पेटीचे महत्त्व गेले. तिसरी, १ मार्च २००४ पासून काळ्या पैशाविरुद्धचे नियम घरांचे व्यवहार करणाऱ्या वकिलांना लागू झाले. चोरीचा, लाचेचा पैसा घरात गुंतवून पांढरा होऊ नये, म्हणून प्रत्येक वकिलाने आपला पक्षकार कोण, हे तपासलेच पाहिजे असे बंधन आले. याच काळात ओळखीची पेढी सोडून कमी फीमध्ये काम करणारा लांबचा वकील धरण्याची पद्धतही वाढली.

म्हणजे काय झाले पाहा. मालकाचे नाव सर्वांना ठाऊक, दस्तांची पेटी नाहीशी, आणि वकिलाने माणूस पाहिलेला नाही. तोतयाला आणखी काय हवे?

२०१४ साली लंडनमध्ये हेच घडले. एका घराचा मालक आपण आहोत असे भासवून एका लबाडाने ते घर ड्रीमवार नावाच्या कंपनीला विकले. किंमत अकरा लाख पौंड. दोन्ही बाजूंना सॉलिसिटर होते आणि मालकाच्या ओळखीच्या कागदांच्या नकलाही होत्या. पैसे गेले, लबाड गेला, आणि घर खऱ्या मालकाचेच राहिले. कंपनीने कोर्टात धाव घेतली. २०१६ साली पहिल्या कोर्टाने नुकसानभरपाईचा बोजा घेणाऱ्याच्याच वकिलावर टाकला. त्याची हयगय नव्हती, तरी पैसा त्याच्या हातून चुकीच्या माणसाकडे गेला, हे कारण. २०१८ साली अपील कोर्टाने सांगितले की, विकणाऱ्याच्या वकिलावरही जबाबदारी आहे. आपला पक्षकार खरा मालक आहे, या भरवशावरच तर समोरच्याने पैसे सोडले होते. या निकालाचे सार आपल्या भाषेत सांगायचे तर असे: कागद दाखवून भागत नाही, त्या कागदामागे कोणीतरी जबाबदार माणूस उभा असावा लागतो.

२०२० साली कोरोनाची साथ आली आणि भेटीगाठी बंद झाल्या. तेव्हा तिथल्या नोंदणी खात्याने चित्रफोनवरून ओळख पटवण्यास परवानगी दिली. २०२१ च्या मार्चमध्ये त्याच खात्याने यंत्राने ओळख पटवण्याचे नियम घालून दिले. पासपोर्टात एक लहानशी चकती असते, तीत आपला फोटो साठवलेला असतो. आपल्याच फोनने ती वाचायची, आपला चेहरा फोनपुढे धरायचा, आणि दोन्ही जुळतात का ते यंत्र पाहते. सोय खरी. पण ज्याच्यापाशी तसा फोन नाही, तसा पासपोर्ट नाही, त्या म्हाताऱ्याने काय करावे? त्याच्यासाठी जुनी वाट ठेवावीच लागते.

आता माझ्या विद्यार्थ्याकडे वळू. त्याच्याकडे मागितले काय? एक फोटो असलेला कागद, एक पत्त्याचा कागद, आणि दोन्हींच्या साक्षांकित नकला. पासपोर्टावर त्याच्या नावापुढे वडिलांचे नाव, कारण आपली पद्धतच तशी. बँकेत मात्र नुसते नाव आणि आडनाव. विजेचे बिल घरमालकाच्या नावे. बायकोच्या पासपोर्टावर माहेरचे नाव आणि पगाराच्या कागदावर सासरचे. आपल्या गावात यातले काही कोणी विचारले नसते. तिथे मात्र एका माणसाचे दोन माणूस होऊ लागले. इकडे दिवस चालले होते. घर विकणारी बाई म्हणू लागली की, जमत नसेल तर सांगा, दुसरे गिऱ्हाईक तयार आहे.

अखेर मार्ग निघाला. मूळ कागद पाहून, "ही मूळ कागदाची खरी नक्कल आहे" असा शेरा लिहून, सही, तारीख, हुद्दा आणि पत्ता देणारा प्रतिष्ठित माणूस त्या वकिलाला चालणार होता. तिकडच्या सरकारनेही अशा माणसांची यादी दिली आहे. तीत वकील आहेत, बँकेचे अधिकारी आहेत, धर्मोपदेशक आहेत, आणि शिक्षकही आहेत. ब्रिटिश पासपोर्टाच्या अर्जावर ओळख देणाऱ्याला तर अर्जदाराला निदान दोन वर्षे ओळखत असावे लागते आणि तो नातलग चालत नाही. माझ्या विद्यार्थ्याची मुलगी ज्या शाळेत जाते, तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंनी मूळ कागद डोळ्यांखालून घातले, वडिलांच्या नावाची भानगड समजावून घेतली, आणि प्रत्येक नकलेवर सही केली. सॉलिसिटरने शाळेला फोन लावून बाईंची खात्री करून घेतली, आणि पंधरा दिवसांत घराच्या किल्ल्या याच्या हाती आल्या.

पाहिलेत ना? मातीच्या ढेकळापासून पासपोर्टातल्या चकतीपर्यंत आपण आलो, आणि अखेर गोष्ट थांबली कुठे? "मी याला ओळखतो" असे म्हणून सही करणाऱ्या एका माणसापाशी.

आपल्याकडचा कायदाही हेच सांगतो. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दस्त करून देणारा खराच तो आहे, याची खात्री नोंदणी अधिकाऱ्याने करून घ्यायची असते. २००१ च्या दुरुस्तीने घेणाऱ्या-देणाऱ्यांचे फोटो आणि बोटांचे ठसे दस्तावर आले, म्हणजे हर्शेलने हुगळीत सुरू केलेले काम सव्वाशे वर्षांनी सगळ्या देशाच्या कायद्यात आले. परदेशी राहणाऱ्या मुलाला गावची जमीन विकायची तर तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्र करता येते, कारण तिथेही त्याला पाहणारा एक जबाबदार डोळा हवा. आणि हे सगळे असूनही कचेरीत विचारतात, "ओळख देणारे कोण?"

या ओळख देणाऱ्यांबद्दल दोन शब्द बोलून संपवतो. कचेरीच्या आवारात चहापाण्यासाठी कोणाचीही ओळख द्यायला तयार असलेली माणसे पुष्कळांनी पाहिली असतील. कधी आपणही भिडेखातर सही ठोकून देतो. "घ्या हो, सही तर करायची!" पण खोटा माणूस उभा करणे किंवा त्यात मदत करणे, याला त्याच १९०८ च्या कायद्यात सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. कैदेची गोष्ट बाजूला ठेवा. आपल्या एका सहीने एखाद्या विधवेची दोन एकर जमीन परस्पर जाऊ शकते, हे मनात असू द्यावे.

आणि शिक्षक बंधु-भगिनींनो, तुमच्याकडे तर हे काम रोज येते. शाळा सोडल्याचा दाखला लिहिताना नावातला एक काना, जन्मतारखेतला एक आकडा चुकला, तर ते पोर पुढे जन्मभर "मी तोच" म्हणून कचेऱ्या झिजवते. माझ्या विद्यार्थ्याचा पासपोर्ट ज्या दाखल्यावरून निघाला, तो तीस वर्षांपूर्वी एका खेड्यातल्या गुरुजींनी लिहिला होता. अक्षर स्वच्छ, खाडाखोड नाही, वडिलांचे नाव पुरे. दूरच्या त्या सॉलिसिटरला या गुरुजींचे नावही ठाऊक नाही. पण ते घर जितके तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंच्या सहीने मिळाले, तितकेच या गुरुजींच्या सहीनेही मिळाले, असे मला वाटते.